कारखाना बंद, गाडी सुरू : जुन्या इंजिनाचा सुटा भाग नव्याने कसा घडतो

१९२० किंवा १९३० च्या दशकातील मोटार आजही चालू ठेवणाऱ्या माणसाला रंग, गाद्या किंवा निकेलचा मुलामा यांची काळजी त्या मानाने कमी असते, कारण ती कामे करणारे कारागीर आणि लागणारा माल आजही मिळतो. खरी अडचण इंजिनात येते. पिस्टनला तडा गेला, टायमिंग गिअरचे (व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी क्रँक आणि कॅम हे दांडे जोडणाऱ्या दातेरी चाकाचे) दात झडले किंवा पाण्याच्या पंपाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, घर फुटले, तर तो भाग दुकानात मागण्यात अर्थ नसतो. गाडी बनवणारी कंपनी कित्येकदा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच बंद झालेली असते आणि तिची रेखाचित्रे केव्हाच रद्दीत गेलेली असतात. अशा वेळी तो भाग नव्याने घडवून घेणे एवढाच मार्ग उरतो.

हे काम करण्याची साधने मराठवाड्यात नाहीत असे मुळीच नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने वाळूज, चिकलठाणा व पुढे शेंद्रा या परिसरांत वाहनांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. सीएनसी (संगणकाने चालणारी) लेथ, ग्राइंडिंग, गिअर कापणे, उष्णता-प्रक्रिया, धातूची तपासणी ही सगळी कामे छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीत होतात. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूमसारखी सरकारी संस्थाही आहे. मात्र या कोणाकडेही गेले तरी पहिला प्रश्न एकच असतो : ड्रॉइंग कुठे आहे? यंत्र सांगितलेले माप शंभराव्या मिलिमीटरपर्यंत कापून देईल, पण माप काय सांगायचे हे यंत्राला ठाऊक नसते. झिजलेल्या, फुटलेल्या, कधी कधी तर हरवलेल्याच भागावरून तो मुळात कसा होता हे ठरवणे हीच या कामातली खरी मेहनत आहे आणि खर्चही बहुतेक तिथेच चुकतो.

त्याआधी काय बनवू नये हे ठरवले तर बराच पैसा वाचतो. बॉल बेअरिंगची मापे फार पूर्वीपासून प्रमाणित आहेत, त्यामुळे जुन्या गाडीतील बेअरिंगवरचा क्रमांक पुसला गेला असला तरी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून त्याच मापाचे नवे बेअरिंग बहुधा मिळते. पिस्टन रिंगांचेही पुष्कळदा तसेच असते. पिस्टनच्या बाबतीत दुसऱ्या एखाद्या इंजिनाचा, ट्रॅक्टरचा किंवा जनरेटरचा पिस्टन बसतो का हे आधी पाहावे. त्यासाठी तीन मापे जुळावी लागतात : व्यास, गजन पिनची (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणाऱ्या पिनची) जाडी आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. व्यास थोडा मोठा असेल तर सिलिंडर बोअर करता, म्हणजे आतून कापून रुंद करता, येतो, पिन जाड असेल तर कनेक्टिंग रॉडचे बुश बदलता येते. परंतु तिसरे माप दोन मिलिमीटरने जरी जास्त निघाले तरी पिस्टन वर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, टेकण्याचा धोका असतो. विलीज जीप बाळगणाऱ्यांना मात्र या लेखाची गरज कमी पडेल. महिंद्राने १९४७ पासून भारतात जीप जोडायला सुरुवात केली आणि त्यामुळे तिच्या ३ पूर्णांक १/८ इंच बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनाचे भाग आपल्याकडे अजून मिळतात. अडचण आहे ती तिच्याआधीच्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या गाड्यांची.

आता मापाकडे वळू. घरातला जुना पाटा मध्यभागी खोलगट होतो, पण त्याच्या कडा मूळ उंची सांगत राहतात. इंजिनाच्या भागांचेही नेमके तसेच असते. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी, जिथे पहिली रिंग येऊन उलटते तिथे, कारण त्या ठिकाणी उष्णता आणि दाब सर्वाधिक असून तेल सर्वांत कमी पोहोचते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ज्या बाजूला रेटतो ती बाजू दुसरीपेक्षा अधिक झिजते आणि गोल बोअर हळूहळू लांबट होतो. मात्र रिंगांची धाव जिथे संपते त्याच्या खालचा पट्टा जवळजवळ कोरा राहतो. बोअर डायल गेज तिथे लावला की कारखान्यातून निघालेला मूळ व्यास हाती येतो. दांड्यांच्या बाबतीत चावी (चाक दांड्यावर घट्ट धरणारा धातूचा तुकडा) बसते ते टोक किंवा बुशच्या बाहेर राहणारा भाग असाच उपयोगी पडतो.

मोजलेला आकडा जसाच्या तसा ड्रॉइंगवर लिहायचा नसतो, त्याचा अर्थ लावायचा असतो. पाण्याच्या पंपाचा दांडा मायक्रोमीटरने ३१.७० मिलिमीटर भरला असे समजा. मेट्रिक पद्धतीत हे माप विचित्र दिसते, परंतु सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, आणि इंग्रजी किंवा अमेरिकी गाडीचा आराखडा इंचांच्या अपूर्णांकांत काढलेला असतो हे लक्षात घेतले की उलगडा होतो : हा सव्वा इंचाचा दांडा असून तो दोन थाऊ, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश भागाने कमी आहे. पण ही दोन थाऊ झीज आहे, की तेलाच्या थरासाठी मुळातच सोडलेली जागा? एकट्या दांड्यावरून हे सांगता येत नाही. तो ज्या बुशमध्ये फिरतो त्याचे न झिजलेले तोंड मोजावे लागते, आणि मगच दोघांमधील मूळ अंतर कळते. म्हणून कारखान्यात एकटा भाग घेऊन जाऊ नये. त्याचा जोडीदारही बरोबर न्यावा. कित्येक मालक फुटका भाग कागदात गुंडाळून लेथवाल्यापुढे ठेवतात आणि ‘असाच करून द्या’ म्हणतात. तो बिचारा तसाच करून देतो, म्हणजे पन्नास वर्षांच्या झिजेसकट.

आट्यांचा घोळ याहून मोठा आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचवलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर अमेरिकी आणि आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टवर एका इंचात १२ आटे बसतात, अमेरिकी जाड्या आट्यांच्या बोल्टवर १३. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे चढतो आणि अडतो. तिथे पान्ह्याला जोर दिला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे कायमचे जातात. मॉरिस गाड्यांच्या काही इंजिनांत तर आणखी गंमत आहे. ही इंजिने कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळ फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनत आणि तिथली यंत्रे मेट्रिक होती, त्यामुळे मॉरिसने बोल्टांचे आटे मेट्रिक ठेवले, पण गिऱ्हाइकाच्या हातातले पान्हे चालावेत म्हणून बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची केली. पान्हा बसला म्हणून आटेही ब्रिटिशच असतील असे गृहीत धरणारा मेकॅनिक इथे हमखास फसतो. आटे मोजायची पट्टी लावून पाहिल्याशिवाय टॅप (आटे पाडायचे हत्यार) हाती घेऊ नये.

गिअरच्या दातांतही हीच इंच-मिलिमीटरची तेढ आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. सरळ दातांचा एक टायमिंग गिअर आहे, दात ४४ आणि बाहेरचा व्यास ४.६ इंच. जुन्या पद्धतीत दातांच्या संख्येत २ मिळवून त्या बेरजेला इंचांतील व्यासाने भागतात : ४६ भागिले ४.६, म्हणजे १०. याला दहा डीपीचा (डायमेट्रल पिचचा, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे दहा दातांचा) गिअर म्हणतात. आजचे कारखाने मात्र मॉड्यूलची, म्हणजे दर दातामागे किती मिलिमीटर व्यास या मापाची, भाषा बोलतात, आणि दहा डीपी म्हणजे २.५४ मॉड्यूल. बाजारात सहज मिळणारा कटर २.५ चा असतो. फरक नगण्य वाटतो, म्हणून पुष्कळदा त्याच कटरने गिअर कापला जातो. हिशेब केला तर असे दिसते की परिघावर दर दातामागे सव्वादशांश मिलिमीटरहून किंचित जास्त फरक पडतो आणि संपूर्ण गिअरचा बाहेरचा व्यास ११६.८४ ऐवजी ११५ मिलिमीटर होतो. असा गिअर जुन्या जोडीदाराशी दात भिडवू शकत नाही. तो आवाज करतो, तापतो आणि काही दिवसांत दोघांचेही दात खाऊन टाकतो. त्यातच जुन्या गिअरांच्या दातांचा दाबकोन (दात एकमेकांना ज्या कोनात रेटतात तो) बहुधा साडेचौदा अंशांचा असतो, आजच्या कटरांचा २० अंशांचा. तेव्हा एकतर योग्य कटर मिळवावा, नाहीतर क्रँकवरचा आणि कॅमवरचा असे दोन्ही गिअर नव्या मापाने एकदमच करून घ्यावेत, मात्र दोन्ही दांड्यांमधले अंतर तेच राहील याची खात्री करून. दात तिरके असतील तर वरचे साधे सूत्र चालत नाही आणि तिथे अनुभवी गिअरवाल्याकडे जाणेच शहाणपणाचे.

माप ठरल्यावर धातूचा प्रश्न येतो. ग्राइंडरच्या चाकावर भागाची नको असलेली कडा टेकवून ठिणग्या पाहण्याची रीत जुनी आहे आणि ढोबळ ओळखीसाठी आजही चांगली आहे : बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात, साध्या लोखंडाच्या लांब आणि पिवळसर, तर कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी पुष्कळ फाटे फुटतात. नेमके उत्तर हवे असेल तर प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरवर त्या भागाचा छोटासा ठिपका जाळून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियम, निकेल यांचे प्रमाण काढून घ्यावे. पण रसायन कळले म्हणजे भाग कळला असे नाही. गजन पिन घ्या. दिसायला ती पोकळ नळीचा एक गुळगुळीत तुकडा, पण तिला बाहेरून अतिशय कठीण आणि आतून चिवट राहावे लागते. बाहेरून मऊ राहिली तर बुशमध्ये झिजेल आणि आरपार कठीण केली तर प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने एक दिवस काचेसारखी तुटेल. म्हणून २०एमएनसीआर५ किंवा ईएन ३६ अशा कमी कार्बनच्या पोलादाची पिन करून ती नऊशेहून अधिक अंश तापमानाला कार्बनच्या वातावरणात ठेवतात, त्यामुळे वरच्या थरात कार्बन मुरतो, मग तेलात विझवून शेवटी ग्राइंडिंग करतात. वरची कठीणता रॉकवेल सी मापाने साठीच्या आसपास येते, गाभा मात्र मऊच राहतो. लेथवाल्याने हाताशी असलेल्या ईएन ८ या साध्या पोलादाच्या सळईतून ती कापून दिली तर माप तंतोतंत जुळेल, गाडी सुरूही होईल, आणि पिन महिन्याभरात खडखडू लागेल.

उलट चूकही तितकीच होते. मूळ भागापेक्षा भक्कम भाग बसवला की गाडीचे भले झाले असे अनेकांना वाटते. काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्डच्या १९२७ ते १९३१ दरम्यानच्या मॉडेल ए मध्ये, कॅमचा गिअर कापड आणि राळ यांच्या दाबलेल्या थरांचा असे. तो आवाज कमी करी आणि काही अडकले तर स्वतः झिजून किंवा तुटून महागड्या भागांना वाचवी. त्या जागी पोलादी गिअर आला की आघात पुढे कॅमशाफ्टपर्यंत जातो. माझे मत असे की कारखान्याने ज्या जागी मऊ भाग दिला त्या जागी तो का दिला हे कळेपर्यंत त्याला कठीण करू नये.

हाच विचार बेअरिंगच्या पांढऱ्या धातूला लागू पडतो. कथलात थोडे अँटिमनी आणि तांबे मिसळून केलेला हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पुढे आणला. जुन्या इंजिनांत तो वितळवून थेट रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओतलेला असे. तेलातला कचरा या मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँक शाबूत राहते. नव्याने ओतताना आधीचा धातू पूर्ण काढून, जागा स्वच्छ करून तिला कल्हई द्यावी लागते, अन्यथा नवा थर धरत नाही. मग ओतून, थंड करून बोअर करतात आणि दांड्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ इतकी जागा तेलासाठी सोडतात. वर्षाकाठी काही शे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे पुरेसे आहे. ज्याला नांदेडहून पुण्यापर्यंत आजच्या रहदारीच्या वेगाने जायचे आहे, त्याने मात्र रॉडमध्ये आजचे शेल बेअरिंग (बदलता येणाऱ्या दोन अर्धगोल पातळ कवचांचे) बसवण्याचा विचार करायला हरकत नाही.

फुटलेले हेड, पंपाचे घर किंवा मॅनिफोल्ड (इंजिनात वायू आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) यांना ओतकामाशिवाय पर्याय नसतो. जालन्याला पोलादाचा एवढा मोठा धंदा आहे, तेव्हा तिथे हे काम होईल अशी अपेक्षा साहजिक आहे, पण तिथल्या भट्ट्या प्रामुख्याने भंगारापासून बांधकामाच्या सळईचे पोलाद करतात. इंजिनाला लागणारे करडे बीड हा वेगळा माल आहे आणि त्यासाठी बहुधा कोल्हापूरच्या फाउंड्रीची वाट धरावी लागते. करड्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पाकळ्यांच्या रूपात राहतो. त्यामुळे ते सहज कापले जाते, कंप शोषून घेते आणि तेल धरून ठेवते. जुन्या हेडसाठी आयएस २१० या भारतीय मानकातील एफजी २२० किंवा एफजी २६० हा दर्जा मागितला तर फाउंड्रीवाल्याला नेमके समजते.

ओतकामात सर्वांत जास्त घात होतो तो आकुंचनाचा. द्रव बीड थिजून थंड होताना लांबीत साधारण एक टक्का आकसते, म्हणून ३०० मिलिमीटरच्या भागाचा लाकडी फर्मा (वाळूत ठसा उठवायचा नमुना) ३०३ मिलिमीटरचा करतात आणि जिथे पुढे यंत्रकाम व्हायचे तिथे आणखी दोन-तीन मिलिमीटर सोडतात. जुना भागच फर्मा म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग २९७ मिलिमीटरचा निघतो आणि बोल्टांची भोके एकमेकांसमोर येत नाहीत. हेडच्या पोटात पाणी फिरण्याच्या वाटा असतात, त्या वाळूच्या वेगळ्या गाभ्यांनी तयार होतात. मूळ हेड फुटलेले असले तरी फेकू नये. ते करवतीने उभे-आडवे कापून आतल्या वाटा आणि भिंतींची जाडी पाहता येते. अलीकडे त्रिमितीय स्कॅन करून वाळूचे गाभे थेट छापून घेता येतात, त्यामुळे लाकडी फर्म्याचा खर्च वाचतो आणि एकुलत्या एका नगासाठी ही रीत परवडू लागली आहे. स्कॅनरही झीज आणि वाकलेपण इमानेइतबारे टिपतो, तेव्हा वर सांगितलेला मापाचा विचार त्यातून सुटत नाही. भिंत फार पातळ ठेवली तर तिथले बीड झटकन थंड होऊन पांढरे आणि काचेसारखे कठीण बनते, आणि ड्रिल त्यावरून नुसते घसरते. ओतलेला भाग यंत्रावर चढवण्याआधी पाचशे-साडेपाचशे अंशांना तापवून सावकाश थंड केला की आतले ताण निघून जातात. हे टाळले तर सपाट केलेले हेड इंजिनावर चढल्यावर पुन्हा वाकते.

पिस्टन नवाच करायचा ठरला तर धातू बदलल्याने जागेचा हिशेब बदलतो. फार जुन्या इंजिनांत बिडाचे पिस्टन असत. आज ते ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे करतात, जो बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतो. १०० मिलिमीटर बोअरमध्ये पिस्टनची खालची कडा २५ अंशांवरून १३० अंशांवर गेली तर ती सुमारे ०.२१ मिलिमीटर वाढते, १०० अंशांपर्यंत तापणारा बिडाचा सिलिंडर मात्र ०.०८ मिलिमीटरच मोठा होतो. मधला ०.१३ मिलिमीटरचा फरक थंड असतानाच सोडावा लागतो. बिडाच्या पिस्टनची जागा ठेवून ॲल्युमिनियमचा पिस्टन घातला तर तो चढणीला आवळून बसतो. वजनही पुष्कळ कमी होते, त्यामुळे सगळे पिस्टन एकदम बदलावेत आणि त्यांच्यात ग्रॅम-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक ठेवू नये.

व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर यांचे भाग घडवताना आजच्या पेट्रोलचा विचार करावा लागतो. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची पद्धत १९२३ मध्ये सुरू झाली आणि भारतात २००० मध्ये ती पूर्ण बंद झाली. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांना एकमेकांवर घासू देत नसे, म्हणून शिशाच्या काळातील इंजिनांत कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे चांगले. १९२३ पूर्वीची इंजिने मुळातच शिशाशिवाय चालण्यासाठी बनली होती. आता प्रश्न पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा, म्हणजे अल्कोहोलचा आहे, जे आपल्याच भागातील साखर कारखान्यांतूनही निघते. जुन्या कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट पुष्कळदा बुचाच्या लाकडाचा असून त्यावर लाखेचा लेप असे, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. असा फ्लोट हळूहळू पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. नवा फ्लोट पितळी पत्र्याचा करावा. वजन मात्र मूळच्या सुक्या फ्लोटइतकेच राहिले पाहिजे, नाहीतर पेट्रोलची पातळी बदलते.

ब्लॉकच बदलायची वेळ आली तर कारखान्याआधी परिवहन कार्यालयाचा विचार करावा. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर असतो, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. तडा गेलेला ब्लॉक शक्यतो धातूचे टाके घालून, म्हणजे तड्याच्या रेषेवर एकात एक गुंतणारे स्क्रू बसवून, वाचवावा. या पद्धतीत वेल्डिंगची उष्णता लागत नसल्याने नवे तडे जात नाहीत.

नवे हेड किंवा पंप बसवल्यावर पहिल्या काही तासांनी हेडचे नट पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळावेत आणि तेल लवकर बदलावे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी घालू नये. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार गरम भिंतींवर थर धरतात, तो थर उष्णता अडवतो, आणि मूळ हेड ज्या कारणाने फुटले असण्याचा संभव सर्वाधिक असतो तेच कारण नव्या हेडच्या पोटात पहिल्या दिवसापासून साठू लागते. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक कूलंट घालून ते दोन वर्षांनी बदलण्याचा खर्च फर्म्याच्या खर्चापुढे काहीच नाही.